राणीचा लाल डगला

अंगावर राणीच्या चाकरीचा लाल डगला होता, म्हणून हॅल्डनच्या नगराध्यक्षानं आमच्या नाटक मंडळीला वेशीच्या आत घेतलं. नाहीतर कुत्रीच सोडली असती. थॉरल्ड त्याचं नाव. लोकरीचा व्यापारी, आणि वागायचा असा की जणू देवानं नेमलेला मुकादमच. पण पहिला खेळ नगराध्यक्षासमोर व्हायचा असा रिवाज. नाक मुरडत का होईना, पुढच्या बाकावर बसणं त्याला भाग होतं.

"लवकर उरका," सगळ्यांदेखत तो म्हणाला, "इथे लोकांना कामं आहेत."

आमचा म्होरक्या अ‍ॅम्ब्रोज पेल नुसता हसला. त्या दिवशी त्यानं कंजूष म्हाताऱ्याची भूमिका केली, ती थॉरल्डसारखा पाय ओढत आणि दर वाक्याआधी खाकरत. दोन वाक्यांत सभागृहाला उमगलं. थॉरल्डच्या बायकोनंसुद्धा तोंडाला रुमाल लावला. तो मात्र मानेपर्यंत लाल होऊन बसून राहिला. राणीच्या नटांचा खेळ बंद पाडणार कसा?

"कशाला डिवचलंस त्याला?" मी अ‍ॅम्ब्रोजला म्हटलं. "परतायचंय याच गावच्या पुलावरून."

"डगल्याला हात तर लावू दे त्याला."

पुढच्याच मुक्कामी बातमी आली, राणी गेली. तिच्याबरोबर आमचा परवानाही गेला. सराईवाल्यानं त्याच दुपारी सामान बाहेर काढलं. लंडन गाठायचं म्हणून निघालो, तर हॅल्डनच्या पुलावर शिपाई उभे, मधोमध थॉरल्ड.

"कोणाची माणसं रे तुम्ही?"

"राणीची," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

"मेलेल्यांना नोकर लागत नाहीत. बिनमालकाचा नट म्हणजे भटका, आणि भटक्याला फटके. कायदा आहे."

"एवढं झोंबलं होय रे?"

"डगला काढा त्याचा," थॉरल्ड शिपायांना म्हणाला. "राणीच्या कापडावर आसूड नको. अपमान होईल."

भर बाजारात त्याला गाडीच्या मागे बांधलं. परवा पोट धरून हसलेली माणसंच बघायला जमली होती. आम्हाला शिपायांनी भिंतीशी रेटून धरलं होतं. चार-पाच फटके बसल्यावर अ‍ॅम्ब्रोजनं मान वर केली आणि थॉरल्डसारखाच खाकरला. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. थॉरल्डनं हात हलवला, आसूड पुन्हा सुरू झाला. मग अ‍ॅम्ब्रोजनं मान वर केली नाही.

नव्या राजानं लंडनची बडी मंडळी पदरी घेतली. आमच्याकडे कोण बघतो? शेवटी एका लहानशा सरदारानं मंडळीला आपलं नाव लावू दिलं. अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, "दुसऱ्याच्या जिवावर उड्या पुरे झाल्या," आणि जहाजानं जर्मनीला निघून गेला.

पुढच्या वर्षी आम्ही हॅल्डनला गेलो. पोट भरायचं होतं. नाटक थॉरल्डनंच निवडलं, बापाच्या पाया पडणाऱ्या उधळ्या पोराचं. बाप मी झालो. कुणी हसलं नाही. खेळ संपल्यावर थॉरल्ड पाय ओढत माझ्यासमोर आला.

"बघ. सांगितलेलं करता येतं तुम्हाला."

मी कमरेत वाकलो. मान खाली होती तेच बरं. माझं तोंड त्याला दिसलं नाही.