आठ सेकंद कुणाचे?

मी एक रेकॉर्ड आहे. काळी, बारा इंची, मधोमध भोक असलेली. कुठल्या बँडची, कुठल्या कंपनीची असं विचारायच्या आत सांगते, ते लिहिलेला गोल कागद माझ्या अंगावर होता. एका गृहस्थानं तो कोमट पाण्यात भिजवून नखानं खरवडून काढला. वैरानं नाही हो, प्रेमापोटी! त्याच प्रेमापायी पुढे केवढा घोळ झाला, तो सांगायला बसले आहे. मी बारा वर्षं जुन्या सामानाच्या दुकानात काढली आहेत. माल दाखवण्याआधी चार गप्पा माराव्यात ही सवय तिथलीच, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म वाफेच्या यंत्रात झाला. मुठीएवढा काळा, गरम गोळा ठेवायचा, त्याच्या वर एक कागद, खाली एक कागद, आणि दोन साच्यांमध्ये करकचून दाबायचं. अर्ध्या मिनिटात गोळ्याची तबकडी होते. त्या कागदाला गोंद लागत नाही, तो उष्णतेनंच अंगात बसतो. म्हणजे माझं नाव मला कुणी चिकटवलं नव्हतं, ते माझ्यासोबतच जन्मलं होतं.

आम्ही पाचशे बहिणी. सगळ्यांच्या खाचांत एकाच बँडचं वाजवणं होतं. बँडमध्ये सहा जण. संगीताचा प्रकार फंक. त्यात गाणं कमी आणि ठेका जास्त. ऐकणाऱ्याची मान आधी हलते, आपण ऐकतोय हे त्याला मागून कळतं.

माझी पहिली मालकीण केस कापण्याचं दुकान चालवायची. मी वाजू लागले की तिची कात्री ठेक्यात चालायची, आणि एका बाईची बट त्यापायी दोन बोटं जास्त उडाली होती. पुढे कॅसेटी आल्या. मालकिणीनं मला कपाटावर टाकलं, कपाटावरून खोक्यात, आणि खोक्यासकट जुन्या सामानाच्या दुकानात.

तिथला दुकानदार अवलिया होता. म्हणायचा, "न खपणारा माल नसतो, न भेटलेलं गिऱ्हाईक असतं." हे वाक्य त्यानं मोडक्या पंख्यालाही लावलं आणि मलाही. एक सद्गृहस्थ रोज यायचे, बोट ओलं करून सगळ्या रेकॉर्डी चाळायचे आणि शेवटी एखादी छत्री उघडून बघून निघून जायचे. बारा वर्षं मी त्यांचं बोट सोसलं. मग माझं गिऱ्हाईक आलं.

त्याला आपण मामा म्हणू, कारण पुढे ज्या मुलीमुळे मी तुमच्यासमोर बोलतेय, तिचा तो मामा. तेव्हा तो तरणाबांड होता. काखेत बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर घेऊन यायचा, फरशीवर मांडी घालून बसायचा आणि रेकॉर्डीवर इथे तिथे सुई टेकवून बघायचा. माझ्या दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे. बाकी सगळे थांबतात आणि फक्त ड्रमवाला वाजवत राहतो. आठ सेकंद. तिथे सुई आली तसे मामानं डोळे मिटले. मग घाईघाईनं उघडून, दुकानात आणखी कुणी ऐकलं का ते पाहिलं. खोक्यात माझी एक जुळी होती. तो दोघींनाही घेऊन गेला.

एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी कशाला, असं मलाही वाटलं होतं. कारण असं की मामा दर रविवारी दुपारी एका सभागृहात लोकांना नाचवायचा. दोन प्लेअर शेजारी शेजारी. माझे आठ सेकंद संपले की जुळीचे सुरू, ते वाजेपर्यंत मला बोटानं मागे फिरवायचं. आठ सेकंदांचा ठेका असा दहा मिनिटं लांबायचा. त्यावर त्याचा एक दोस्त माइक घेऊन यमकं जुळवत बोलायचा. त्या सगळ्या प्रकाराला हिप हॉप म्हणतात, हे मला फार नंतर समजलं. आमच्यासारख्या अडगळीतल्या फंक, सोल आणि जॅझच्या रेकॉर्डी म्हणजे त्या मंडळींची खाणच होती.

खाण सापडली की कुंपण आलंच! त्या काळी नाचवणाऱ्याची इभ्रत दुसऱ्याला न सापडलेल्या रेकॉर्डीवर ठरायची. मामाचा एक प्रतिस्पर्धी होता, त्याला सगळे चष्मा म्हणत. तो दर रविवारी पहिल्या रांगेत उभा राहून माझ्यावरचं नाव वाचायला मान लांब करायचा. मिनिटाला तेहतीस फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवरचं नाव वाचता वाचता त्याला घेरी यायची, तरी सोडत नसे. शेवटी मामानं आम्हा दोघींना बादलीत बुडवलं आणि नावं खरवडली. मूळ कव्हरही फेकलं आणि मला 'घरच्या घरी व्यायाम' अशा एका रेकॉर्डीच्या कव्हरात घातलं. वीसेक वर्षं मी पाय ताणून बसलेल्या एका बाईच्या मागे दडून होते.

मामाचे गुडघे बोलू लागले, सभागृह बंद पडलं, आणि मामानं सगळा संग्रह भाचीला दिला. भाची दिवसा पडदे शिवायच्या कारखान्यात काम करते. घरी तिच्या टेबलावर एक यंत्र आहे, त्यावर सोळा चौकोनी बटणं. माझे आठ सेकंद तिनं त्यात उतरवले, त्यांचे तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका बटणावर ठेवला. मग बोटांनी ते असे उलटसुलट वाजवले की मलाच माझी नवी ओळख झाली. याला सॅम्पल घेणं म्हणतात. त्या ठेक्यावर तिच्या मैत्रिणीनं पडद्यांच्या कारखान्यावर शब्द रचले. नऊ वर्षं दोघी अशी गाणी करत होत्या. या गाण्यानं प्रथमच एका कंपनीचं दार उघडलं.

कंपनीच्या वकीलबाई मात्र पक्क्या. "आठ सेकंद असोत नाहीतर अर्धा, ज्याचे आहेत त्याची लेखी परवानगी आणा. महिनाअखेरपर्यंत. नाही आली तर गाणं निघणार नाही."

भाचीनं माझ्या जागी यंत्राचा ठेका घालून पाहिला. मैत्रीण म्हणाली, "हे गाणं नाही गं, वॉशिंग मशीन आहे."

मग भाचीनं मला उचललं आणि तडक मामाचं घर गाठलं.

"मामा, ही रेकॉर्ड कुणाची?"

"माझी. म्हणजे आता तुझी."

"वाजवलीय कुणी?"

मामानं मला उलटंपालटं केलं. चष्मा लावला, काढला, परत लावला. "एक मिनिट हं. सहा जण होते. कव्हरवर एक मोटार होती."

"मोटारीचं नाव नकोय मला."

"अगं, नाव धुतलं ना मी! कुणाला कळू नये म्हणून."

"मग झालं की! तुलाही कळत नाहीये."

मामाचा चेहरा पाहून मला त्याची कीव आली. भाचीनं फोनला माझे आठ सेकंद ऐकवले, गाणी ओळखणारी सोय असते ना, ती. फोननं तीनदा ऐकलं आणि तीनदा 'सापडलं नाही' म्हणून सांगितलं. जुळीचंही नाव धुतलेलं. महिना संपायला नऊ दिवस होते. भाची भांडली नाही. नुसतं म्हणाली, "नऊ वर्षं, मामा." आणि मला टेबलावर ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर मामाला सोपं गेलं असतं.

शेवटी तो पुटपुटला, "एकाला माहीत असेल."

"कुणाला?"

"नको. मरू दे. त्याच्या दारात मी जायचा नाही."

"मामा!"

चष्मा आता खरोखरचे चष्मे विकतो. मामा दुकानात शिरला तेव्हा तो एका आजींना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होता. तीस वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. त्यानं मामाकडे पाहिलं, मग भाचीच्या हातातल्या व्यायामवाल्या बाईकडे पाहिलं, आणि हसायलाच लागला.

"या बाईंच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"नाव सांग," मामा म्हणाला. नाक मुठीत धरणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

"तू तेव्हा सांगितलं होतंस?"

"नाही."

"नुसता ठेका कानात धरून दोन वर्षं हिंडलो मी हिच्यासाठी! अकरा दुकानं. मला नाव विसरता येईल का रे? तुला पटकन सापडली, म्हणून तू विसरलास." तो आत गेला आणि माझी एक बहीण घेऊन आला. कव्हरासकट, अंगावरच्या कागदासकट!

मामा बघतच राहिला. "धुतलं नाहीस?"

"कुणापासून लपवू? तुझ्याकडे तर होतीच."

आजींना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. चष्म्यानं सहाही जणांची नावं कागदावर उतरवून दिली आणि वर मामाचे डोळे तपासले. नंबर वाढला होता.

त्यातल्या ड्रमवाल्याचा पत्ता भाचीनं सहा दिवसांत काढला. तो लोकांना मोटार चालवायला शिकवतो. बँडच्या सगळ्या कागदांवर सही त्याचीच, कारण तेव्हा अक्षर बरं म्हणून बाकीच्यांनी त्यालाच पुढे केलं होतं. म्हणजे परवानगी त्यानं दिली की काम फत्ते.

रविवारी दुपारी भाची, मामा आणि मी त्याच्या घरी गेलो. त्यानं मला स्वतःच्या हातानं प्लेअरवर ठेवलं. भाचीनं ती जागा सांगितली, तसा त्याचा चेहराच उतरला.

"ते नको," तो म्हणाला. "ती चूक आहे."

"चूक?"

"सॅक्सोफोनवाल्याचा स्वरांचा कागद पंख्यानं उडाला. तो खाली वाकला आणि बाकीचे वाजवायचं सोडून हसू लागले. मी काय करणार? एकट्यानं वाजवत राहिलो. पुन्हा ध्वनिमुद्रण करायला वेळ नव्हता. तेच छापलं." तो माझ्याकडे पाहतही नव्हता. "पहिल्या गाण्यात बघा मी काय वाजवलंय! ते घ्या. हे घेऊ देणार नाही मी. माझ्या नावावर चूक नको."

भाचीनं परवानगीचा कागद तसाच पुढे धरून ठेवला. महिना संपायला तीनच दिवस उरले होते.

स्वयंपाकघरातून त्याची बायको बाहेर आली. "अहो, ही तीच जागा का, जिथे तुम्ही नेहमी सुई उचलायचात?"

"हो."

"आणि मी इतकी वर्षं समजत होते की तिथे ओरखडा आहे."

सगळे हसले, तो सोडून. भाचीनं फोनवर आपलं गाणं लावलं. पडद्यांचे गठ्ठे, दुखणारे अंगठे, घरी परतताना चपलेत अडकलेले धागे, सगळं त्या मैत्रिणीच्या आवाजात, आणि खाली त्याचे आठ सेकंद. तो भिंतीकडे बघत ऐकत होता. पण त्याचा उजवा पाय? गाडी शिकवून शिकवून तो पाय ब्रेकवर असायला सरावलेला होता. त्या पायानं जमिनीवर ठेका धरला.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

तीनदा ऐकून त्यानं पेन मागितलं. "एक अट आहे. नाव माझं एकट्याचं नको, सहाही जणांचं घाला. ते पाच जण गप्प राहिले म्हणून मी ऐकू आलो."

सही झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. भाची सोफ्यावर अशी बसली, जशी शिवण संपवून कुणी कात्री खाली ठेवावी. मामानं डोळे पुसले. नवा चष्मा टोचतो म्हणाला.

गाणं वेळेवर निघालं. सहाही नावं त्यावर आहेत. मी मात्र परत आले नाही. ड्रमवाल्याची स्वतःची प्रत घर बदलताना हरवली होती, म्हणून निघताना मामानं मला त्याच्या हातात दिलं. "ठेवून घ्या," म्हणाला, आणि जिना उतरला. माणसाला वस्तू लपवण्यापेक्षा देऊन टाकणं किती हलकं करतं, ते त्याच्या उतरण्यात दिसत होतं. गुडघे असूनही.

आता मी इथे, वर्तमानपत्रांच्या शेजारी, सुखात आहे. एवढीच विनंती. माझे आठ सेकंद गाजले, त्याचा मला आनंद आहे. पण मी एकूण अडतीस मिनिटांची आहे. माझ्यासारखी एखादी तुमच्या माळ्यावर असेल तर तिला पहिल्यापासून लावा, मधे सुई उचलू नका, आणि एक बाजू संपली की कृपा करून उठा. आम्हाला आपणहून कूस बदलता येत नाही.