तीन वाजताची भरती

शिवाने दिवसभर तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं. ठरवलं पुतळाने, म्हणजे त्याच्या बायकोने, आणि मिथुनने, म्हणजे मुलाने, लगेच मान डोलावली. शिवाचं मत कोणी विचारलं नाही. मत विचारलं की शिवा बोलतो, आणि एकदा बोलायला लागला की त्याला आवरायचं कोणी, हा त्या घरात जुना प्रश्न होता.

कारणही तसंच घडलं होतं. दोन वर्षांपूर्वी मिथुनसाठी ठाण्याचं एक स्थळ आलं. पाहुणे नवी मुंबईतल्या शिरवणे गावच्या घरी सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "तुम्ही मूळचे इथलेच का?" झालं. कोणाचं शेत कुठे होतं, बांध कुठून कुठे जायचा, नव्या शहरासाठी जमीन घेण्याची नोटीस आली तेव्हा कोण रडलं आणि कोण हसलं, शिवाने सगळं सांगितलं. अगदी नावानिशी. पोहे गार झाले, दोनदा चहा झाला, मुलीच्या आईला डुलकी लागली. त्या मंडळींनी पुन्हा फोनसुद्धा केला नाही.

या वेळी मात्र गोष्ट नाजूक होती. मिथुन महाप्याच्या ज्या कंपनीत कामाला होता, तिथेच ईश्वरी होती, साताऱ्याकडची. दोघांचं ठरलेलंच होतं. ठरायचं होतं ते ईश्वरीच्या वडिलांचं. पंढरीनाथ एसटीत तीस वर्षं कंट्रोलर होते. स्टँडवरची प्रत्येक गाडी त्यांच्या घड्याळावर सुटायची आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मनगटावर घड्याळ तेच होतं. त्यांनी फोनवर मोजकंच सांगितलं होतं, "रविवारी येतो. मानसं बघतो. संध्याकाळी सातच्या गाडीनं माघारी निघताना काय ते सांगतो." आणि आबा नाही म्हणाले तर मीही नाहीच म्हणणार, असं ईश्वरीने मिथुनला निक्षून सांगून ठेवलं होतं.

तेव्हा मिथुनने डोकं लढवलं. पाहुण्यांना घरी बसवण्यापेक्षा शहर दाखवणाऱ्या बसमध्ये बसवायचं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा, एसी, जेवणासकट. बोलायला गाईड असल्यावर बाबाला बोलायची गरजच उरत नाही. पुतळाला ही कल्पना इतकी आवडली की तिने नवऱ्याला देवापुढे उभं करून वचन घेतलं. "पाव्हन्यांना काय पन विचारू द्या, तुमी नुसतं हं बोलायचं."

"हं," शिवा म्हणाला. मुलाच्या सुखापुढे आपली जीभ ती काय मोठी, असं त्याला खरंच वाटलं. माणूस वाईट नव्हता, बोलघेवडा होता इतकंच.

वाशीहून बस निघाली. गाईड मुलगी जाई, तिशीतली, चुणचुणीत, नेरुळच्या फ्लॅटमध्येच लहानाची मोठी झालेली. हातात माईक घेऊन ती गोड आवाजात म्हणाली, "मंडळी, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं. नुसती खाडी आणि चिखल."

शिवा सीटवरून अर्धा उठला. काहीच नव्हतं? ही पोरगी बोट दाखवत होती तिथे त्याच्या आत्याचं भाताचं शेत होतं, आणि आत्याचा तांदूळ शिजायला लागला की चार घरं पलीकडे वास जायचा. त्याने तोंड उघडलं. पुतळाने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं.

पलीकडच्या सीटवरून पंढरीनाथ वाकले. "पावणं, तुमचं गाव ह्याच अंगाला का?"

"हं."

"म्हंजी शेती हुती?"

"हं."

पंढरीनाथांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. ईश्वरीची आई गोजरा कसंनुसं हसली. मागच्या सीटवर मिथुनने ईश्वरीला अंगठा दाखवला. सगळं बेत केल्याप्रमाणे चाललं होतं.

दहा वाजता बस नेरुळच्या मागच्या तळ्यावर आली. जाईने माईकवर गळा साफ केला. "आता आपण बघणार आहोत हजारो फ्लेमिंगो." सगळे उतरले, मोबाईल वर धरले. तळ्यात दोन बगळे होते आणि एक कुत्रं काठाने चाललं होतं.

"थोडं थांबू या," जाई म्हणाली. पंधरा मिनिटं थांबले. बगळेही उडून गेले.

शिवाला बसमधून पाय खाली ठेवायच्या आधीच माहीत होतं. फेब्रुवारीचा महिना, माघ वद्य चतुर्थी, या वेळेला ओहोटी संपून पाणी नुकतं कुठे फिरलेलं असणार. पक्षी तिकडे लांब खाडीच्या उघड्या चिखलात चरत असणार, इकडे कशाला येतील? सांगावं असं त्याला फार वाटलं. त्याने ओठ घट्ट मिटले आणि चपलेने खडा उडवला.

"टाइमटेबल लावलंय, आन गाडीच न्हाई," पंढरीनाथ घड्याळ बघत म्हणाले, आणि शिवाकडे वळले. "दर साली असंच असतं का वो?"

"हं," शिवा म्हणाला. हे तर धडधडीत खोटं होतं. त्याचा चेहरा उतरला.

बेलापूरच्या किल्ल्याचा बुरूज पाहून झाला. तिथेही पूर्वी काहीच नव्हतं असं जाईने सांगितलं, फक्त किल्ला होता म्हणाली. मग बस जेवायला थांबली. दोन्ही बायकांना संकष्टीचा उपास, म्हणून त्या वेगळ्या टेबलावर साबुदाणा वडे घेऊन बसल्या. उपास एक निघाल्यावर गप्पांना वेळ लागत नाही. दुसरा वडा होईपर्यंत गोजराने मनातलं बोलून टाकलं.

"राग नका मानू, ताई. पोरगं लाखात एक हाय. पर आमचं ह्ये म्हनत्यात, बाप तोंडच उघडत न्हाई. सकाळपास्नं हं, हं, हं. म्हंजी आमी पसंत न्हाई, का जिमनीच्या पैशाचा तोरा हाय? असल्या घरात पोरगी द्यायची कशी?"

पुतळाच्या हातातला वडा तसाच राहिला. तिने ताटली बाजूला सारली, सरळ उठली आणि बेसिनपाशी हात धूत असलेल्या नवऱ्याला गाठलं.

"बोला आता."

"काय बोलू?"

"रोज काय बोलता? तेच बोला. तुमी बोलत नाय म्हनून मोडाया लागलंय."

शिवाने बायकोकडे पाहिलं. तीस वर्षांत ही बाई त्याला पहिल्यांदाच बोल म्हणत होती. आणि नेमका या घडीला त्याच्या डोक्यात एक शब्द येईना. आत्याचं शेत, बांध, नोटीस, सगळं कुठे पळालं कोण जाणे. नळ वाहत राहिला आणि तो नुसता बघत उभा राहिला.

तेवढ्यात पंढरीनाथ हात धुवायला आले. सकाळचा मुद्दा त्यांनी सोडला नव्हता. "त्या पोरीचा दोष न्हाई म्हना. पर गाडी कुठनं सुटतीया हेच ठाऊक नसंल, तर येळ काय लावायची?"

"गाडी तीन वाजता हाय," शिवा म्हणाला.

पंढरीनाथांचा हात नळाखालीच थांबला. सकाळपासून हं सोडून हा पहिलाच शब्द.

"कशावरनं?"

"आज चौथ. तिथीची पाऊनकी करायची. चारची पाऊनकी तीन. तीनला भरती पुरी होनार. भरती आली का खाडीतला चिखल बुडतो, मंग त्या पाखरांना उभं रायाला जागा नाय. ती उठतान आन हिकडं तळ्यात येऊन बसतान."

पंढरीनाथांनी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. "आन पंचमीला?"

"पावनेचार."

"अष्टमीला सा," पंढरीनाथ स्वतःशी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून नव्हतं ते काहीतरी आलं. वेळापत्रक म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि इथे एक वेळापत्रक असं निघालं होतं की जे कोणी छापलंच नव्हतं.

दोघं मिळून जाईकडे गेले आणि तीनला बस पुन्हा तळ्यावर न्यायला सांगितलं. "काका, तीनला आपला मॉल आहे," ती म्हणाली. पण सकाळचं रिकामं तळं तिलाही लागलं होतं. बसमधले लोक कुरकुरत होते ते तिच्या कानावर येत होतं. "तुम्हाला सकाळीच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

शिवाने पुतळाकडे बघितलं. "मनाई होती," तो म्हणाला. पुतळाला त्या क्षणी टेबलावरचं मिठाचं भांडं फार बघण्यासारखं वाटलं.

जाईने ड्रायव्हरशी बोलून घेतलं, लोकांना विचारलं. मॉल काय, कुठल्याही गावात असतो, असं एक आजोबा म्हणाले आणि बस मागे वळली.

पावणेतीनला सगळे पुन्हा तळ्याच्या काठावर. पाणी वाढलेलं होतं, पक्षी एकही नव्हता. आता मात्र शिवा काठावर येरझारा घालायला लागला. हिशेब बापाचा होता, पण बापाच्या वेळची खाडी कुठे राहिली होती? किती भराव पडले, किती रस्ते झाले. समुद्र अजून जुना हिशेब मानतो की नाही हे त्याने कितीतरी वर्षांत पडताळून पाहिलं नव्हतं. घरी बसून गोष्टी सांगायला त्याची गरजच पडत नाही. आता मुलाचं लग्न त्या पाऊणकीवर येऊन ठेपलं होतं.

"तुमास्नी हे शिकवलं कुनी?" पंढरीनाथांनी विचारलं.

आणि शिवा बोलायला लागला. पण आज तो नोटिशीवर गेला नाही, कागदांवर गेला नाही. बापाबद्दल बोलला. खाडीला लागून त्यांची भातखाचरं होती. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणायचे. ओहोटीला ते उघडायचं म्हणजे शेतातलं पाणी बाहेर जातं, आणि भरती लागायच्या आत बंद करायचं. एक वेळ चुकली तर खारं पाणी आत येतं आणि सगळ्या गावाचं भात जळतं. ते दार त्याच्या बापाकडे होतं.

"बापाकडं घड्याळ नव्हतं," शिवा म्हणाला. "शाळा पन नाय. चंद्र बघायचा आन पाऊनकी करायचा. तापानं फनफनला होता तरी गेला, मना संगती नेलान, मी सात वरसाचा. एकदा पन चुकला नाय."

"एकदा बी न्हाई?"

"एकदा पन नाय."

पंढरीनाथांनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "म्हंजी तुमचं वडील कंट्रोलरच की," ते म्हणाले. त्यांनी हे अगदी गंभीरपणे म्हटलं. त्यांच्याकडे देण्यासारखा याहून मोठा मान नव्हता.

शिवाला एकदम भरून आलं. इतकी वर्षं तो लोकांना बांध आणि शेतं सांगत होता, ते एवढ्याचसाठी. इथे काहीतरी होतं, आणि ते कोणीतरी नीट सांभाळत होतं, हे कोणाला तरी कळावं. आज ते साताऱ्याच्या एका एसटीवाल्याला कळलं. त्याने उपरण्याने नाक पुसलं.

तीन वाजले. तळं तसंच. पंढरीनाथांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. मिथुनने ईश्वरीचा हात धरला होता तो आईवडिलांसमोर आहोत हे आठवून सोडला आणि पुन्हा धरला.

मग खाडीच्या बाजूने आवाज आला, बाजारात दुरून येतो तसा गलका. झाडांच्या वरून पहिली रांग आली, मग दुसरी, मग मोजायची सोय राहिली नाही. गुलाबी पंख, आत काळी कड, लांब पाय मागे सोडलेले. ते वळून वळून पाण्यात उतरत राहिले आणि राखाडी तळं काठापर्यंत गुलाबी झालं. गोजराने दोन्ही हात गालांवर ठेवले. जाईने माईक बंद करून काखेत मारला. नंतर तिने पिशवीतून वही काढली आणि चार, पाऊणकी, तीन असं लिहून घेतलं.

"तीन वाजून दोन मिंटं," पंढरीनाथ म्हणाले. "दोन मिंटं लेट."

"वारा आडवा हाय आज," शिवा म्हणाला.

"चालतंय. घाटात हुतं तेवढं." पंढरीनाथांनी घड्याळावर बाही खाली ओढली. बराच वेळ ते पक्ष्यांकडे बघत राहिले. "किती दिस राहत्यात ही?"

"मे महिना उतरेपरेंत."

"म्हंजी वैशाखात असतील."

"असनार तर."

"माझी आई पंच्याऐंशीची हाय. तिनं समिंदर न्हाई बघितला, का हे न्हाई बघितलं. सकाळी कार्य उरकून, जेवनं झाल्यावर तिला हितं आनायची म्हटलं, तर वैशाखात कुठली तिथी बसंल?"

शिवा लगेच बोटं मोजायला लागला. "चौथ नको, ती रिक्ता, तवा शुभकार्य करीत नाय. पंचमी धरा. पाचाची पाऊनकी पावनेचार. एकला पंगती बसल्या तर अडीचपरेंत मानसं मोकली, म्हातारीला गाडीत घालून हितं यायला अर्धा तास, वर खुर्ची मांडायला..." तो मान खाली घालून मोजतच राहिला. वारा धरला, ट्रॅफिक धरलं, पाहुणे जेवायला उशीर करतात तो उशीरही धरला.

गोजरा पदराआड हसत होती. ईश्वरी रडत होती. मिथुन कोणाच्या पाया आधी पडावं या विचारात मध्येच उभा होता.

पुतळाने नवऱ्याचा दंड धरला, सकाळी चिमटा काढला होता तिथेच. "अवो," ती हळूच म्हणाली, "थांबा जरा. त्यांनी पोरगी दिली आपल्याला."

शिवाची बोटं पाचावर थांबली. त्याने पंढरीनाथांकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं.

"हं," तो म्हणाला.