दोन पातेल्यांचा रस्सा

सणाचं जेवण आटोपलं, पाहुणे आपापल्या वाटेला लागले आणि स्वयंपाकघरात राहिलं ते उरलंसुरलं. ते तरी थोडं का होतं? वीस माणसं यायची म्हटलं की चाळिसांचं रांधायचं, असा या घरातल्या आईंचा हात. कमी पडलं तर तोंड कुठे लपवायचं, उरलं तर फ्रीजर आहेच, असं त्यांचं सरळ गणित.

फ्रीजर भरणं हे थोरल्या मुलाचं खातं. तो शीतगृहात मालाची मांडणी बघायचा, त्यामुळे घरच्या फ्रीजरपुढेही साहेबासारखा उभा राही. निवलेला रस्सा पिशव्यांत भरायचा, हवा काढून पाटासारखा सपाट गोठवायचा आणि मग वह्यांसारखा उभा लावायचा. बोटभर जागा वाया गेली तर त्याला झोप लागत नसे.

धाकटी सून शेजारच्यांच्या खुर्च्या परत देऊन आली आणि दारातच थबकली. ओट्यावर लहान पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं.

त्या पातेल्याला या घरात वेगळा मान होता. धाकटीच्या चार वर्षांच्या पिटुकलीला बदाम-अक्रोड चालत नसत. मागच्या सणाला एका बदामी बिस्किटावरून ओठ सुजले, श्वास घरघरू लागला आणि सगळं घर दवाखान्यात बाकावर बसलं. तेव्हापासून तिचा रस्सा लहान पातेल्यात, बिनबदामाचा. मोठ्यात बदामाचं वाटण ठरलेलं, कारण थोरल्यानं आधीच बजावलं होतं, “बदाम नसतील तर त्याला रस्सा म्हणू नका, औषध म्हणा.”

“भावोजी, लहान पातेल्यातलं कुठे गेलं?”

“मोठ्यात ओतलं,” थोरला पिशवीची हवा काढत म्हणाला. “एकाच रश्श्याला दोन भांडी कशाला अडवायची? आणि पिटुकली उठली भुकेली, तिलाही त्यातलाच वाटीभर...”

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं. हातातली पिशवी तशीच राहिली.

टेबलाशी पिटुकली पावाच्या तुकड्यानं वाटी पुसत होती. इतकी लख्ख की घासायला नको.

धाकटीनं धाव घेतली. खुंटीवरची पर्स ओढली, डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन काढलं, लेकीला कडेवर घेतलं. “जीभ दाखव गं सोने. खाजतंय का? श्वास घे बघू मोठा.” ओठ लाल होते. ते सुजेचे की रश्श्याचे, काही केल्या कळेना.

“गाडी काढतो,” थोरला म्हणाला, आणि किल्ली समोर असून सगळीकडे शोधू लागला.

खिडकीशी आई माळ घेऊन बसल्या होत्या. दुपारच्या जेवणानंतर दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे. सासऱ्यांच्या आजारपणात धरलेलं, ते गेल्यावरही सुटलं नव्हतं. दूध उतू गेलं तर त्या टाळी वाजवत, पण शब्द काढत नसत. एकदा गरम तव्याला हात लागला, तेव्हाही नुसता श्वास आत ओढला होता.

त्यांनी माळ खाली ठेवली.

“बदाम नाहीत त्यात,” त्या म्हणाल्या.

मौनाच्या वेळेत तो आवाज ऐकून दोघंही जागच्या जागी थिजली.

“कशात नाहीत?” धाकटीनं कसंबसं विचारलं.

“कशातच नाहीत. दवाखान्यातून आलो त्या दिवसापासून बदाम माझ्या घरात आलेला नाही. घट्टपणाला पाव भाजून वाटते. दोन्ही पातेल्यांत तेच. ती सुई ठेव आत, पोर घाबरेल.”

धाकटीनं इंजेक्शन ठेवलं आणि तशीच खाली फरशीवर बसली. तिला हसू येतंय की रडू ते समजेना. तिनं लेकीच्या केसांत तोंड खुपसलं.

“मग आई, दोन पातेली कशाला मांडत होतात? मला तरी सांगायचं.”

“तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्याच्या कानावर गेलं असतं आणि पहिल्याच घासाला ह्याची चव गेली असती.”

थोरला खाकरला. “तरीच. मला वाटलंच होतं, काहीतरी कमी आहे.”

“दुपारी तीन वाट्या ओरपल्यास आणि म्हणालास, आई, आज बदाम सढळ हातानं घातलेत.” आईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “मौन मोडलंच आहे तर ऐक. ह्यापुढे भांडं रिकामं करण्याआधी विचारायचं. मी बोलत नसले तरी मान हलवते.”

“चुकलं,” थोरला म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या हातून एक पिशवी वेडीवाकडी गोठायला गेली.

धाकटी उठून आईंजवळ आली. “माझ्यामुळे तुमचा नेम मोडला.”

“देवासाठी गप्प बसायचं ते लेकरासाठी बोललं, तर त्याला काय वाईट वाटायचंय?” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा माळ उचलून ओठ मिटून घेतले. दिवेलागणीला अजून अवकाश होता.

“अजून हवाय,” पिटुकली वाटी पुढे करत म्हणाली.

धाकटीनं इतक्या दिवसांत प्रथमच लेकीसाठी मोठ्या पातेल्यात डाव घातला. वाटी काठोकाठ भरली. मग लहान पातेलं पुसलं आणि वरच्या फळीवर, सहसा हात जात नाही तिथे ठेवून दिलं. खिडकीकडे पाहिलं, तर आईंनी मान हलवली.