चार जुलैचा अंदाज

मी रॅम्बलर, एक जुनी छोटी मोटार, बोलतेय. आवाज जरा पोकळ वाटेल, सांभाळून घ्या. माझं इंजिन काढून टाकलंय. त्याचं एक बरं असतं, कुठे जायची घाई उरत नाही. सफरचंदाच्या झाडाखाली उभं राहायचं आणि जुनं काही आठवत बसायचं.

माझा जन्म केनोशा गावच्या मोटारींच्या कारखान्यातला. त्या काळी अमेरिकेत गाड्यांना मोठेपणाचं भारी वेड. लांबच लांब अंग, मागे पंख, पुढे चकाकणारी बत्तिशी! त्यांच्यात मी म्हणजे चिमुरडी. पण त्या पेट्रोल घटाघटा प्यायच्या आणि मी घोटाघोटाने. म्हणून शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्सा, नव्याने कमावती झालेली पोरं यांचा माझ्यावर जीव. मूर्ती लहान, पण कीर्ती महान, असं आपलं माझंच मी म्हणते.

ऑर्विल त्याच कारखान्यात गाड्यांची दारं बसवायचा. केनोशाची रीत अशी, की जी गाडी बनवायची तीच चालवायची. दुसऱ्या कंपनीची गाडी दारात दिसली तर शेजारी तोंड फिरवत. ऑर्विलने मला घेतलं आणि थेट त्याच्या मनात भरलेल्या व्हर्नाच्या घरापुढे नेऊन उभं केलं. तिच्या वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्या पुढच्या सीटांची पाठ मागे लवंडली की आत ऐसपैस बिछाना होतो, ही माझी ख्याती मुलींच्या तमाम बापांना ठाऊक होती.

"माझी मुलगी या गाडीत बसणार नाही," ते गरजले. "हिच्यात पलंग आहे!"

"मग काका, लग्नच लावून द्या," ऑर्विल म्हणाला. "म्हणजे पलंगाची काळजी मिटली."

लग्न झालं. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सणाला, दोघं मला घेऊन उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी आली. सीटा लवंडवून आडवी झाली आणि काचेतून आतषबाजी बघू लागली. आकाशात फूल उमललं की पाण्यातही उमलायचं. व्हर्ना पहिल्याच धडाक्याला दचकली.

"एक कान तू झाक, दुसरा मी झाकतो," ऑर्विल म्हणाला. गाड्यांना स्वप्नं पडत असतील, तर मला हेच एक पडतं.

पुढे आमच्या नावाच्या गाड्या बनवणंच बंद झालं. समुद्रापलीकडून नव्या छोट्या गाड्या आल्या. रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेल्या मिठाने माझं पोट खाल्लं. ऑर्विल मात्र मला सोडेना. निवृत्त झाल्यावर दोघं त्याच तळ्याकाठी राहायला आली. दर चार जुलैला माझ्या सीटा लवंडायच्या आणि कान झाकले जायचे.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर ऑर्विल अंगणात कोसळला. गावचे आगवाले, म्हणजे आग विझवणारे आणि कुणाच्याही अडीनडीला येणारे, बर्फ तुडवत धावत आले. हे सगळे शेजारीपाजारीच, हौसेने काम करणारे, आणि लायल त्यांचा म्होरक्या. काही उपयोग झाला नाही. पण ते धावत आले होते, हे व्हर्ना विसरली नाही.

आमच्या गावात दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर एक जुनी गाडी उभी करतात. बर्फ वितळून ती कधी बुडेल, त्या दिवसाचा अंदाज जो तो चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठ्यांच्या पैशांतून आगवाल्यांना पाणी मारायच्या नळ्या येतात.

"काकू, यंदा तुमची गाडी द्याल?" लायलने चाचरत विचारलं. "नाही म्हणालात तरी चालेल हो."

"ने," व्हर्ना म्हणाली. उपकाराच्या ओझ्याखाली तिला नाही म्हणता येईना.

माझं इंजिन काढलं, तेल काढलं. बुडाल्यावर ओढून भंगारात न्यायला कमरेला लांब साखळी बांधली. मी बर्फावर एकटी उभी राहिले. खालून पाणी कण्हल्यासारखा आवाज करायचं. खरं सांगते, मला फार भीती वाटली.

एका रविवारी लायल माझ्या बॉनेटवर पेटी ठेवून चिठ्ठ्या घेत होता. व्हर्ना काठी टेकत आली, काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"चार जुलै?" लायल चक्रावला.

बर्फाला भोक पाडून मासे धरणारे खो खो हसले. "काकू, जुलैत बर्फ? थंडी डोक्यात गेली वाटतं!"

"माझा अंदाज, माझी मर्जी. तुम्ही आपले मासे बघा."

तिने ऑर्विलच्या बाजूच्या दारावर हात ठेवला. मग मागे वळून न बघता निघून गेली.

लायल हसला नाही. दर चार जुलैला त्याने त्या दोघांना माझ्यात पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी साखळी ताणली गेली. काठावर त्याचा ट्रॅक्टर गुरगुरत होता.

"अरे, आणि पैजेचं काय?" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या तळघरातली घर तापवायची जुनी लोखंडी भट्टी ठेवतो. मेली बुडायच्याच लायकीची आहे!"

भट्टी एप्रिलमध्ये बुडाली. मी बर्फावरून परतल्यापासून व्हर्नाच्या अंगणातल्या या झाडाखाली आहे. तुमच्या घरी एखादी थकलेली छोटी गाडी असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा तिच्यात बसून बघा, एवढंच माझं मागणं.

आज चार जुलै. संध्याकाळी व्हर्ना माझ्यात येऊन बसली, तेवढ्यात लायल भाजलेले सॉसेज घेऊन आला. काचेतून डोकावत म्हणाला, "काकू, तुमचा दिवस आला. गाडी काही बुडाली नाही. हरलात!"

"हरले बाबा," व्हर्ना हसून म्हणाली. "बशी ठेव आणि पळ."

तो गेला. तिने दोन्ही सीटा लवंडवल्या आणि नेहमीसारखी एका कडेला आडवी झाली. तळ्यावर अंधार उतरला. पहिला बाण सूं करून वर गेला, तशी तिने हाताने एक कान झाकला. दुसरा तिने तसाच मोकळा ठेवला.