शेंदूर चढलेला हुप्प्या

वानरांनी धोंडाबाईचा शेवगा ओरबाडला, कौलं फोडली, पडवीतल्या भाकऱ्या पळवल्या. तिनं शिव्या घालघालून सोसलं. पण मांडवावरच्या भोपळ्याकडं त्यांचे हात जायला लागले आणि म्हातारीचं डोकं फिरलं.

तो दुध्या भोपळा बियाणाचा होता. वेलावरचे बाकीचे खाऊन-वाटून संपले; हा एकच राखलेला, कुणी चुकून खुडू नये म्हणून देठाला चिंधी बांधलेला. आईनं दिलेलं माहेरचं बी. अख्ख्या तिकोणा पेठेत ती जात दुसऱ्या कुणाकडं नव्हती, आणि घरात ठेवलेलं बी पावसाळ्यात बुरसून गेलेलं. हा वेलावर वाळून खुळखुळला तरच पुढचा वेल. त्याला अजून दहा-बारा दिवस हवे होते.

"लोनावळ्याच्या सायबाला बंदूक घिऊन बोलवू का?" लेक गेणूनं विचारलं.

"वानर मारतूस? तोंडात किडं पडतील मुडद्या! सोमाटण्यात काय करत्यात ठावं न्हाई व्हय? एकाला धरायचं, रंगवायचं, सोडायचं. ह्यो कोन इपरीत आला म्हून बाकीची पळत्यात, अन् ह्यो त्यांच्या मागं."

दुसऱ्याच दिवशी दुपारी एक दांडगा हुप्प्या भाकरीच्या वासानं पडवीत शिरला. गेणूनं वरून घोंगडी टाकली आणि अंगानं दाबून धरला. घोंगडीतून दात लागून त्याचा अंगठा फाटला.

"रंग आन गं, लवकर!" धोंडाबाई ओरडली.

घरात रंग कुठला? सून मुक्ताबाई गोंधळली. कोनाड्यात शनिवारसाठी तेलात कालवलेला शेंदूर होता, तो वाडगा घेऊन आली. "आत्याबाई, पन ह्यो तर द्येवाचा..."

"लाल हाय न्हवं? आन हिकडं!"

आणि तिनं स्वतःच्या हातानं हुप्प्याला तोंडापासून शेपटापर्यंत माखला.

सोडल्याबरोबर तो कळपाकडं धावला. कळप किंचाळत डोंगराला लागला. धोंडाबाईनं कमरेवर हात ठेवून गेणूकडं असं बघितलं, की बघ, आईला अक्कल आहे का नाही! पण कळपानं काही त्याला जवळ येऊ दिलं नाही. दिवस कलायच्या आत हुप्प्या एकटाच परतला आणि मांडवावर बसला.

पाणी घेऊन चाललेल्या शेजारच्या शालूबाईनं हंडा खाली ठेवून हात जोडले. "बया बया! मारुतीराया परगटला!"

"कशाचा मारुती? मीच फासलाय त्याला, भवाने!"

"तुमच्या हातनं त्येनंच करवून घ्येतलं, मावशी. वड्यातल्या धोंड्याला शेंदूर चढला तर आपुन पाया पडतू न्हवं? मग ह्येच्यात तर जीव हाय."

असले दोन धोंडे धोंडाबाईनं स्वतःच ओढ्याकाठी मांडले होते.

तासाभरात बायकांची रीघ लागली. गूळ आला, फुटाणे आले, नारळ फुटला. तीन दिवस हुप्प्या बसून खात होता, वर दात विचकत होता. चौथ्या सकाळी फुटाणे संपले. त्यानं मागं वळून चिंधीचा देठ हातात धरला.

"गेण्या, हाकल त्याला!"

गेणूनं अंगठ्याच्या पट्टीकडं बघितलं, मग आईकडं, आणि तिथनंच हुप्प्याच्या पाया पडला. सुनेनं तर डोळेच मिटले.

धोंडाबाईनं खुंटीवरची गोफण काढली.

"मावशी, शेंदराला दगूड मारताय!" शालूबाई आडवी आली. "वंश बुडंल!"

"माज्या आयचा वंश त्या चिंधीला लटाकलाय. हो बाजूला, न्हाईतर पयला तुलाच बसंल!"

दगड हुप्प्याच्या मांडीवर बसला. एकच किंकाळी फोडून तो शेवग्यावर, तिथनं कुडावर, आणि लंगडत डोंगराकडं. शेंदूर कुठला नि रक्त कुठलं, काही कळत नव्हतं. मांडव हलत राहिला. भोपळा देठाला होता.

बायकांनी ताटं उचलली. "आजपास्नं तुमच्या घरचं पानी घ्येनार न्हाई," शालूबाई म्हणाली.

"नगं घिऊस. वड्याला लय हाय."

त्या दिवसापासून धोंडाबाई गोफण मांडीवर घेऊन मांडवाखाली बसली. दारात कुणी आलं नाही. वाटेनं जाणाऱ्या बायका पदर ओढून पलीकडून जायच्या. सूनही जेवण ठेवून मुकाट आत जायची. आठव्या दिवशी धोंडाबाईनं विळ्यानं देठ कापला आणि भोपळा कानाशी हलवला. बी भरून वाजलं. ऐकवायला जवळ कुणी नव्हतं. मग ती शालूबाईच्या कुडापाशी गेली आणि तिकडं तोंड करून तिनं तो आणखी जोरात वाजवला.