साहेबाच्या बागेतला लव्हाळा

सुंदरराव पाटलानं बांधाशी तीन बैलगाड्या उभ्या केल्या, तेव्हा भिवराबाई मेथी खुडत होती.

"हात आवर, भिवरे," पाटील म्हणाला. "गिर्दावर साहेबाला बंगल्यावर पाहिजेल हाय."

"न्या की. दर मुक्कामाला भाजी फुकटच नेता."

"भाजी न्हाई. वाफ्याची माती."

सिंदफणेकाठचं ते रान चिबड. पावसाचं पाणी एकदा बसलं की दिवाळीपर्यंत हलायचं नाही, आणि लव्हाळ्याशिवाय काही उगवायचं नाही. लव्हाळा म्हणजे मोठं कपटी गवत. वरून उपटलं तरी खाली मातीत गाठ राहते आणि आठ दिवसांत हिरवं पातं पुन्हा वर येतं. भिवराबाई आणि तिचा नवरा सटवा यांनी ओसाड गावठाणातल्या पडक्या भिंतींची पांढरी माती तीन वर्षं डोक्यावर वाहिली, चाळली, त्यात राख-शेण कालवलं आणि गुडघाभर उंचीचे नऊ वाफे बांधले. यंदा भादव्यात गावाची भाजी पाण्याखाली सडली, हिची वांगी तेवढी उभी राहिली. पीक-साऱ्याच्या तपासणीला फिरणाऱ्या गिर्दावर साहेबानं ती घोड्यावरून पाहिली आणि तोंडभरून कौतुक केलं. साहेबाला आवडलं म्हणजे ते साहेबाचं झालं, असा इथला रिवाज.

सटव्यानं हात जोडले. "माती न्हेली तर आमी खावं काय, पाटील?"

"ते मला कावून इचारतो बे? वेठ हाय. तुमी दोघंच भरा गाड्या."

पहिली पाटी भरताना भिवराबाई रडली. दुसऱ्या पाटीला डोळे पुसून ती बांधाखाली उतरली. खुरप्यानं लव्हाळ्याच्या ओंजळभर गाठी उकरून तिनं पाटीच्या तळाला टाकल्या आणि वरून वाफ्याची माती भरली. पाटील सावलीत पान खात होता. सटव्यानं मात्र पाहिलं.

"हे काय करतीस?" तो हळूच म्हणाला.

"साहेबाला आपलं रान पसंत पडलंय. समदंच देऊ की."

तिन्ही गाड्या तिनं तशाच भरल्या. त्या दिवशी ती पोट धरधरून हसली, असं सटव्यानंच मला पुढं सांगितलं. मला तिचा राग येत नाही. वाईट एवढंच वाटतं, की त्यानंतर ती कधी हसली नाही.

फाल्गुनात साहेबाच्या बागेत मुळा, पालक दिसेनासा झाला, जिकडंतिकडं लव्हाळा. साहेबाला संशयसुद्धा आला नाही. कुणबिणीला एवढी अक्कल असेल, हे त्याच्या डोक्यात कुठून यावं? त्यानं पाटलाला बोलावलं आणि पाटील भिवराबाईच्या दारात आला.

"माती तुझी, तवा गवत बी तुझंच. दर आईतवारी जायाचं आन् निंदायचं. पार निघंस्तवर."

जायला चार कोस, यायला चार कोस. ती पातं उपटायची, गाठ खाली राहायची. पुढच्या आईतवारी बाग पुन्हा हिरवी. खरं सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर सटव्याच्या पाठीची सालटी निघाली असती. इकडं तिच्या रानात वाफ्यांच्या जागी पाणी साचलं आणि लव्हाळाच माजला.

अकरा वर्षं ती गेली. साहेब तीन बदलले, पण नवा येणारा आधी बाग बघायचा आणि मग निंदणारीला बोलावणं धाडायचा. भिवराबाई बुधवारी मेली. आईतवारी पाटलाचा माणूस दारात उभा. घरात सुतक होतं, पण वेठीला सुतक नसतं. सून केसरबाई सासूचं खुरपं घेऊन निघाली.

आता तीच जाते. परवा मी सटव्याच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा ती परतली. पायावर पाणी घेता घेता तिनं सासऱ्याला विचारलं, "मामा, येवढा लव्हाळा साहेबाच्या बागेत आला तरी कुठून?"

सटवा तंबाखू मळत राहिला. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

"निंदत ऱ्हा, पोरी," तो म्हणाला. "निघंल कवा तरी."