डावीकडची चावी

ग्रामोफोन गोळा करणाऱ्या माणसाला गाण्यांचं फारसं कौतुक नसतं, हे सुवर्णाला लग्नानंतर कळलं. बिचारी हौसेनं तबकड्या पुसून ठेवायची, पण नवरा तबकडी लावेल तर शपथ. ललित पेटी उलटी करायचा, बॅटरी तोंडात धरून आत डोकावायचा आणि "अगं, याचे स्क्रू चपट्या डोक्याचे आहेत!" असं ओरडायचा, की शेजाऱ्यांना वाटावं आता पेढे येणार.

एरवी माणूस कामाचा. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना ठिबकच्या नळ्या पुरवायचा, उधारीवाल्यांशीही गोड बोलायचा. पण जीव अडकलेला त्या पेट्यांत. नाशकात त्याच्यासारखे आणखी काही जीव होते. एकाच कंपनीच्या पेट्यांत सालोसाल काय काय बदललं, कर्ण्याचा वाक, झाकणाची कडी, चावीची मूठ, याचं सचित्र पुस्तक हे मंडळ तयार करत होतं. प्रत्येक नव्या प्रकाराखाली तो शोधणाऱ्याचं नाव छापलं जाणार होतं. ललितला आयुष्यात दुसरं काही नको होतं, तेवढं एक नाव हवं होतं.

मध्ये डोंगरासारखे उभे होते भारतसर. गणिताचे निवृत्त मास्तर आणि मंडळाचे म्होरके. कुठला बदल पुस्तकात जाणार ते सर ठरवायचे. अक्षर असं, की कोंबडीनं उकिरडा उकरावा. त्यांचा शेरा वाचायला मंडळातली दोन-तीन डोकी एकत्र यायची, आणि मागाहून त्या अक्षरावर पोट धरून हसायची. हसण्यात ललितचा आवाज सगळ्यांत मोठा, कारण नापासाचे शेरे त्यालाच जास्त मिळालेले. त्यानं आणलेला 'दुर्मीळ' कर्णा परवा-तेरवा ठोकलेला निघाला होता, आणि 'विलायती' मूठ शिवणयंत्राची.

मग बुधवारच्या बाजारात, भंगाराच्या ढिगात त्याला एक पेटी दिसली. साऱ्या जगाची चावी उजव्या कुशीत, हिची डाव्या! बुजवलेलं भोक नाही, ठिगळ नाही, फळ्या अस्सल. चावीच्या भोकाभोवती अर्धगोल बारीक ओरखडे तेवढे होते. सरांनी भिंगातून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "हे ओरखडे कंपनीच्या तपासणीची खूण असावी."

"म्हणजे सर, पास?"

"एक पेटी म्हणजे कुण्या मिस्त्रीची करामत. दुसऱ्या घरात दुसरी सापडली, तर कंपनीचा प्रकार. नियम म्हणजे नियम."

तेव्हापासून ललित नळ्या कमी विकायचा आणि चौकशा जास्त करायचा. बागायतदार ठिबकचं बोलायला लागला, की हा विचारणार, "घरात जुना फोनो आहे का हो?" अखेर निफाडकडच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, "आमच्या आईचा हाय की. पण त्याची चावी उलट्या बाजूला हाय, चालंल का?" ललितला त्याला मिठीच मारावीशी वाटली.

रविवारी तो सरांना गाडीत घालून तिथं पोचला. गिऱ्हाईक बागेत होतं, पण त्याची आई कलाबाई ओटीवर वाटच बघत होती. सत्तरी उलटलेली, ठेंगणी, बोलकी. तिनं चादर काढली आणि पेटी समोर आली. तेच झाकण, तीच कडी, डावीकडे चावी. भोकाभोवती तेच अर्धगोल ओरखडे!

सर गुडघ्यावर बसले. मापं घेतली, भिंग फिरवलं.

"ललित," सर उठत म्हणाले, "जमलं बाबा. तुझं नाव लागणार." आणि कधी नव्हे ते त्याच्या पाठीवर थाप मारून, कॅमेरा आणायला गाडीकडे गेले.

ललितला आभाळ ठेंगणं झालं. कलाबाईनं उजव्या हातानं चहाचा कप पुढं केला. "ऐकायचा का?" म्हणत तिनं पदर खोचला आणि डाव्या हातानं झपाझप चावी भरायला घेतली. हातातल्या पाटल्या फळीवर घासत होत्या, खर्र खर्र. बरोबर त्या ओरखड्यांवरून.

ललितनं आधी तिच्या पाटल्या बघितल्या, मग ओरखडे.

"मावशी, ही चावी पहिल्यापासून इकडंच आहे ना?"

"नाय बाबा. आमच्या आण्णांनी फिरवली. ओझरला सुतारकाम करायचे, गोटीराम सुतार. पेटी सगळी खोलली, फळ्यांची आदलाबदल केली, मशीन फिरवून बसवलं. कळतबी नाय, बघ." ती हसली. "मी डावरी ना. जेवताना डावा हात पुढं आला, की आई उलथन्यानं हानायची. शाळंत छडी. परसादाला हात केला, की सगळी शी-शी करायची. आण्णा बोलले, घरात एक तरी वस्तू माझ्या कलीच्या हाताची असू द्या."

"ते हेच मशीन?"

"ते म्हायेरी ऱ्हायलं. भावानं मागं भंगारात घातलं, लय भांडले मी त्याच्याशी. हे लग्नातलं आंदण. आण्णा बोलले, सासरी उजव्याच हातानं नांदावं लागंल पोरी, हे डाव्या हाताला घेऊन जा."

बाहेर गाडीचं दार आपटलं. सर येत होते. ललितच्या मनात आलं, कलाबाईला पुस्तकाशी काय देणं-घेणं? गप्प बसलो तर कोणाच्या बापाला कळणार आहे? नाव लागेल, सुवर्णाला दाखवता येईल, मंडळात मान ताठ होईल. चांगला घोटभर वेळ त्यानं तो विचार चघळला. पण समोर म्हातारी त्या पेटीवरून हात फिरवत होती, आणि तिच्या बापाचं काम कंपनीच्या नावावर खपवायचं त्याच्या जिवावर आलं.

"सर, नापास," तो म्हणाला आणि बाजारातली पेटीही हिच्याच माहेरची, असं सगळं सांगून मोकळा झाला.

"आणि ओरखडे?" सरांनी विचारलं.

"बांगड्यांचे."

"मी त्यावर दोन पानं लिहिलीत."

ललित बोलणी खायला तयार होऊन उभा राहिला. पण सर रागावले नाहीत. त्यांनी पेन खिशाला लावलं, पेटीजवळ बसले आणि विचारलं, "ताई, मी भरू का चावी?"

"भरा की."

सरांचा डावा हात पुढं झाला. न अडखळता, न चाचपडता चावी फिरू लागली. हा हात त्या कामाला जन्मापासून तयार होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"आमचे वडील माझा हा हात सदऱ्याच्या आत बांधून ठेवायचे," सर पेटीकडेच बघत म्हणाले, "अक्षर उजव्या हाताचं व्हावं म्हणून."

ललितला त्या अक्षरावरचं आपलं सगळं हसणं आठवलं. इतकी लाज वाटली, की तो उगाच रिकाम्या कपातला चहा प्यायला.

कलाबाईनं तबकडीवर सुई टेकवली. खरखरीतून एका बाईचा आवाज उमलत वर आला, आणि दोघा संग्राहकांनी बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"प्रकार म्हणून हा पुस्तकात जाणार नाही," सर म्हणाले.

"हो सर."

"पण पान ठेवू. खाली गोटीराम सुतारांचं नाव घाल. मजकूर तू लिही, माझं अक्षर कुणाला लागत नाही." आणि त्यांनी पुन्हा चावीला हात घातला.

"आवं सर, बास करा," कलाबाई ओरडली, "स्प्रिंग तुटंल!"

"आणखी थोडीच," सर म्हणाले आणि भरत राहिले.